एका ग्रॅमात तीन गुंठे

फेब्रुवारीत वऱ्हाडातून संध्याकाळच्या एसटीने जाताना धुऱ्याधुऱ्यांवर जाळ दिसतो. कपाशी निघालेली असते. गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामात जाऊ नये म्हणून पऱ्हाट्या उपटून पेटवतात. सकाळी नुसती पांढरी राख. मला ती पाहून हळहळ वाटते, कारण हीच पऱ्हाटी हवा लागू न देता ४०० ते ६०० अंशांवर तापवली असती, तर कोळसा हाती आला असता.

गालाच्या आतल्या पेशी रंगवायला शाळेत मिथिलीन ब्लू वापरतात. त्याच्या फिक्या द्रावणात या कोळशाची पूड ढवळून ठेवा, मग गाळा. निळा रंग बराचसा गेलेला दिसेल. आपण म्हणतो, कोळशाने रंग शोषला. पण स्पंज पाणी पितो तसं हे नाही. रंगाचे रेणू पृष्ठभागाला चिकटून बसतात, म्हणून याचं नाव अधिशोषण. मग चिमूटभर पुडीत एवढा पृष्ठभाग आला कुठून?

पऱ्हाटीत पाणी वाहणाऱ्या नळ्या आधीपासूनच असतात, पण खरी जागा त्यांच्याहून कितीतरी बारीक फटींत आहे. तापल्यावर सेल्युलोज फुटतं, त्याचा बराच भाग वाफ आणि वायू होऊन निघून जातो. उरलेले कार्बनचे अणू षटकोनी जाळीचे इवले पापुद्रे बनवतात. ते वहीच्या पानांसारखे नीट रचले जात नाहीत, वाकडेतिकडे अडकतात, आणि मध्ये २ नॅनोमीटरहूनही अरुंद फटी राहतात. त्या सगळ्या भिंती उलगडल्या, तर चांगल्या जमलेल्या एका ग्रॅमात ३०० चौरस मीटर भरतात, म्हणजे जवळपास ३ गुंठे!

मिथिलीन ब्लूचा रेणू चपटा, पापुद्राही चपटा. दोघांच्या वलयांवरच्या इलेक्ट्रॉनांमुळे ते एकमेकांकडे ओढले जातात. शिवाय पापुद्र्यांच्या कडांना ऑक्सिजनचे गट असतात. पाण्यात त्यांच्यावर ऋण भार येतो आणि रंगाचा धन आयन तिथे धरला जातो. आच ७०० अंशांवर नेली की फटी सहसा वाढतात, पण हे गट गळतात. त्यामुळे काय पकडायचं आहे, त्यावर आच ठरवावी लागते. भाताच्या तुसाची गोष्ट आणखी वेगळी, त्यात सिलिकाच भरपूर.

विरघळलेलं मीठ किंवा नायट्रेट हा साधा कोळसा फारसं धरत नाही. दारावर लिंबू-मिरचीसोबत बांधलेला कोळसा नजर ओढून घेतो, ही समजूत तर सोडूनच द्यायला हवी. कोळसा पकडतो ते रेणू, आणि तेही त्याला येऊन भिडलेलेच.

भट्टी नसली तरी शंकूसारखा खड्डा पुरतो. थरावर थर टाकत जायचं. वरचा जाळ हवा खातो, खालच्या थराला ती पोचत नाही. वरच्या काड्यांवर राख धरू लागली की पुढचा थर, आणि शेवटी भरपूर पाणी. वाळल्यावर कांडी उचलून पाहा: हलकी, आणि नीट जमली असेल तर दगडावर टाकताच काचेसारखी किणकिणते.