मांडीवरचे खळगे चोळून जात नाहीत : येण्याआधी वाचायचं पत्रक

हे पत्रक आम्ही थोडं वैतागूनच लिहायला घेतलं. गेल्या काही महिन्यांत एकच प्रकार वारंवार होतोय. ताई सेल्युलाईटसाठी, म्हणजे मांडीवरच्या खळग्यांसाठी, आमच्याकडे मालीशची वेळ ठरवून येतात, पलंगावर आडव्या होतात, चादर जरा बाजूला केली की मांडीच्या बाहेरच्या अंगाला काळंनिळं दिसतं. कुणाच्या मांडीवर ब्रशच्या समांतर लाल रेघा, कुणाच्या मांडीवर त्वचा ओढून धरणाऱ्या चोषण-कपाचे बांगडीएवढे गोल डाग, मधे जांभळे आणि कडेला पिवळट. वर हसून सांगतात, "आज तुमच्याकडे यायचं होतं ना, म्हणून काल जरा दाबून चोळून घेतलं."

अशा त्वचेवर आम्ही हात ठेवत नाही. ती बरी व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, तोवर थांबावंच लागतं. तासाभराची वेळ फुकट जाते, ताई रागावून परत जातात, आणि ज्यांना तीच वेळ हवी होती त्यांना आम्ही आधीच नाही म्हणून बसलेलो असतो. म्हणून या पत्रकातलं बाकी काही वाचलं नाहीत तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा : येण्याआधी चार दिवस मांड्यांना ब्रश, कप किंवा रोलर लावू नका. एरवीही जोर लावू नका. का, ते पुढे.

आत काय असतं

टाके घातलेली गादी डोळ्यांपुढे आणा. वरच्या कापडातून खालच्या कापडापर्यंत दोरा ओढून गाठ मारलेली असते. जिथे दोरा ओढलाय तिथे खड्डा, आणि दोन टाक्यांच्या मधला कापूस फुगून वर. त्वचेखाली असंच असतं. त्वचेच्या खालच्या थरापासून स्नायूवरच्या आवरणापर्यंत चिवट तंतूंचे पट्टे गेलेले असतात आणि त्यांच्यामधल्या कप्प्यांत चरबी असते. पट्टा त्वचेला खाली ओढून धरतो, चरबी वर ढकलते, आणि बाहेरून खळगे दिसतात.

बायकांनाच हे जास्त का, हा प्रश्न रोजचा. बायकांमध्ये हे पट्टे बहुतांशी उभे असतात. पुरुषांमध्ये ते तिरके, एकमेकांना छेदत जाळीसारखे जातात आणि वरची त्वचाही जाड असते, त्यामुळे चरबीला वर यायला वाव मिळत नाही. न्यूर्नबर्गर आणि म्युलर या दोन जर्मन संशोधकांनी १९७८ मध्ये हा फरक मांडला, आणि सेल्युलाईटला आजार म्हणायलाच त्यांची हरकत होती. आमचंही तेच मत आहे, धंदा याच्यावर चालत असला तरी. वयात आलेल्या शंभर बायकांपैकी ऐंशी ते नव्वद जणींना ते कमीअधिक असतंच. सडपातळ मुलींनाही असतं. इस्ट्रोजेन हे बायकांमधलं संप्रेरक, आईकडून-वडिलांकडून आलेली ठेवण आणि वयाबरोबर पातळ होत जाणारी त्वचा, मुख्य कारणं ही. "अंगात विषारी द्रव्यं साठली आहेत, ती बाहेर काढायला हवीत" असं कुणी सांगितलं तर त्यांना खुशाल विचारा, कुठली द्रव्यं? नाव ऐकायला आम्हालाही आवडेल.

आता सांगा, गादीवरून कितीही जोरात हात फिरवला तरी आतला दोरा तुटतो का?

मग चोळल्यावर गुळगुळीत का दिसतं?

सगळी फसगत इथेच होते. जोरात घासलं, दाबलं, कपाने ओढलं की त्या जागी सूज येते. सूज म्हणजे पेशींभोवती साठलेलं पाणी. ते खळग्यात भरतं, वरची त्वचा ताणली जाते, आणि आरशात बघितलं की वाटतं, वा, गेलं की! दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज उतरते आणि खळगे होते तिथेच दिसतात. मग मनात येतं, आपला हातच कमी पडला, उद्या आणखी जोर लावू. 'दुखलं म्हणजे लागू पडलं' ही समजूत आपल्याकडे इतकी मुरलेली आहे की हलक्या हाताने केलेलं काम हे कामच वाटत नाही.

जोर लावल्याने तुटतात त्या बारीक रक्तवाहिन्या. त्यातून रक्त झिरपून निळे डाग पडतात. ज्यांची त्वचा सावळी किंवा गव्हाळ आहे त्यांना असे डाग उतरल्यावरही पुष्कळदा तपकिरी छटा मागे राहते, आणि ती जायला कित्येक महिने लागतात. खळगे घालवायला गेलात आणि डाग घेऊन आलात, असं होतं.

निळ्या डागांचा प्रश्न किती बिकट आहे याचं एक उदाहरण. हे आतले पट्टे सैल करणारं एक इंजेक्शन अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी जुलै २०२० मध्ये मंजूर केलं होतं. त्याचा गुण येत होता. पण जागोजागी काळंनिळं पडणं आणि त्वचेचा रंग बदलून राहणं याला उपाय सापडेना, म्हणून कंपनीनेच २०२२ च्या अखेरीस ते थांबवलं. डाग न पाडता खळगे घालवणं औषधाला जमलं नाही ते ब्रशला जमेल, असं आम्हाला वाटत नाही.

"तुम्हीसुद्धा मालीशच करता ना?"

करतो. आणि हा प्रश्न विचारणाऱ्या ताईंचा आम्हाला राग येत नाही, आला तरी दाखवत नाही. आमची मालीश पावलापासून वर, जांघेच्या दिशेने, लांब आणि हलक्या हाताची असते. त्वचा हलावी इतपत दाब, मागे लाली उरू नये इतका हलका. त्याने पायात साचलेलं पाणी सरकतं, पाय हलके वाटतात, त्वचा मऊ होते आणि एक-दोन दिवस खळगे थोडे बुजल्यासारखे दिसतात. तेवढंच. कायमचे जात नाहीत. हे पहिल्या भेटीतच सांगतो, म्हणून काही जणी दुसऱ्यांदा येत नाहीत. ज्या येतात त्या मात्र वर्षानुवर्षं येतात.

फोटोवरूनही तक्रार असते. "दुसरीकडे मालीश झाल्या झाल्या फोटो काढून फरक दाखवतात, तुम्ही का नाही?" कारण त्या फोटोत सूज दिसते, फरक नाही. आम्ही फोटो काढतो तो मालीशच्या आधी, दर वेळी त्याच भिंतीपाशी, जमिनीवरच्या त्याच पट्टीवर पाय ठेवून, बाजूचा तोच दिवा लावून. डोक्यावरचा दिवा असला की प्रत्येक खळग्याची सावली पडते आणि मांडी दुप्पट खराब दिसते. कपड्यांच्या दुकानातली ट्रायल रूम आठवा. तिथून थेट आमच्याकडे रडवेल्या होऊन आलेल्या ताई आम्ही पाहिल्या आहेत. घरी फोटो काढणार असाल तर सकाळच्या उजेडात, खिडकीसमोर, महिन्यातून एकदा, त्याच जागी उभं राहून काढा. रोज आरशात बघून काही कळत नाही.

आपलं किती आहे, ते घरीच बघा

उभ्याने आरशात बघा, मग आडवं होऊन बघा, मग मांडीची त्वचा दोन बोटांत हलकेच चिमटीत धरा. उभ्याने आणि आडवं होऊनही गुळगुळीत, चिमटीत धरल्यावरच खळगे : ही पहिली पायरी. उभ्याने दिसतात, आडवं झालं की जातात : दुसरी. दोन्हींत दिसतात : तिसरी. पहिलीवाल्यांनी आमच्याकडे यायची खरं तर गरज नाही. दुसरीवाल्यांना घरच्या सवयींनी बऱ्यापैकी फरक दिसतो. तिसरीवाल्यांना आम्ही स्पष्ट सांगतो की त्वचेचा पोत सुधारेल, खळगे राहतील. ते कमी करायचेच असतील तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जाऊन पट्टे आतून सोडवण्याच्या प्रक्रियेबद्दल विचारा. ते डॉक्टरांचं काम, आम्ही सुईला हात लावत नाही. मात्र लायपोसक्शन हा यावरचा उपाय नाही. चरबी उपसली तरी पट्टे तसेच राहतात, आणि कधी पृष्ठभाग आणखी उंचसखल होतो.

घरी काय करायचं

सगळ्यात आधी पाय चालते ठेवा. मांड्या आणि नितंबांचे स्नायू भरले की वरची त्वचा ताणली जाते आणि खळगे उथळ दिसतात. आठवड्यातून दोन-तीनदा उठाबशा, जिने चढणं, एक पाय पुढे टाकून गुडघा वाकवणं, पाठीवर झोपून कंबर वर उचलणं. घाम यायला हवा, सांधे दुखायला नकोत. तीन महिने धरा. नुसतं चालणं तब्येतीला उत्तमच, पण स्नायू भरायला थोडा भार लागतो.

वजन जास्त असेल तर सावकाश उतरवा. झपाट्याने उतरवलं की त्वचा सैल पडते आणि काही जणींचे खळगे उलट जास्त दिसू लागतात. चढ-उतार तर सगळ्यात वाईट. पाणी तहानेप्रमाणे प्या, त्याने खळगे जात नाहीत. सिगारेट ओढत असाल तर ती त्वचेला घट्ट ठेवणारं कोलॅजन खाते, याहून जास्त बोलायचा आम्हाला अधिकार नाही.

आता क्रीम. आमच्या फळीवर दोन प्रकार आहेत आणि दोन्हींबद्दल खरं तेच सांगतो. कॅफिनचं लोशन लावलं की त्वचा काही तास जरा आवळल्यासारखी होते. लावताय तोवर परिणाम, बंद केलं की संपला. लग्नकार्याला, समुद्रावर जायच्या आधी ठीक आहे. दुसरं रेटिनॉलचं, म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या एका रूपाचं. रेटिनॉलने त्वचेचा वरचा थर हळूहळू जाड होतो आणि आतली चरबी कमी डोकावते. पण त्यासाठी ०.३ टक्के रेटिनॉल हवं आणि निदान सहा महिने हवेत. दर आठवड्याला "अजून फरक नाही" म्हणून फोन करणाऱ्या ताईंना आम्ही डबीवर सुरुवातीची तारीख लिहून देतो, पेनाने, झाकणावर. सुरुवातीला एक दिवसाआड रात्री, मटारच्या दाण्याएवढं एका मांडीला. त्वचा सोलवटली तर दोन दिवस विश्रांती. त्या भागावर ऊन पडणार असेल तर सनस्क्रीन. गरोदर असाल, होण्याचा विचार असेल किंवा बाळाला पाजत असाल तर रेटिनॉल नको, मागितलं तरी देणार नाही.

आणि साधं मॉइश्चरायझर. आंघोळीनंतर अंग ओलसर असताना लावलेलं. कोरड्या त्वचेवर प्रत्येक उंचवटा उठून दिसतो. हे कुठलंही चालेल, आमचंच घ्या असं नाही. आमच्यात सुगंध घातलेला नाही, एवढाच फरक.

कधी आमच्याकडे न येता डॉक्टरांकडे जायचं

सेल्युलाईट दुखत नाही. पाय दाबला की दुखतो, थोडंसं लागलं तरी निळा पडतो, दोन्ही पाय सारखेच जाड आणि पावलं मात्र बारीक, असं असेल तर तो लिपीडिमा, म्हणजे पायांत चरबी साठत जाण्याचा आजार, असू शकतो. एकच पाय अचानक सुजला आणि पोटरी दुखत असेल तर रक्ताची गुठळी असू शकते, तेव्हा मालीश अजिबात नाही, त्याच दिवशी डॉक्टर. त्वचा लाल, गरम, दुखरी आणि अंगात ताप असेल तर तो सेल्युलायटिस, म्हणजे जंतुसंसर्ग. नाव जवळजवळ सारखं म्हणून गोंधळ होतो. एका ताईंना आम्ही दारातूनच दवाखान्यात पाठवलं. त्या त्यावरच मालीश करून घ्यायला आल्या होत्या.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा पायाच्या शिरा फुगलेल्या असतील तर वेळ घेतानाच सांगा.

येताना

त्या दिवशी मांड्यांना तेल, क्रीम काही लावू नका, आम्हाला त्वचा जशी आहे तशी बघायची असते. दाढीच्या ब्लेडने केस काढले असतील तर दोन दिवस, वॅक्स केलं असेल तर तीन दिवस जाऊ द्या. काळंनिळं पडलं असेल तर लाजू नका, आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत कळवा, तारीख पुढची देऊ, वेगळं काही आकारणार नाही. आणि तो ब्रश टाकून देऊ नका. येताना घेऊन या. मृत त्वचा काढायला तो चांगला असतो, फक्त केसांवरून कंगवा फिरवतो तितक्याच दाबाने धरायचा असतो. पाच मिनिटांत दाखवू, तुमच्याच हातात देऊन.