खनिजाचा स्वभाव आणि दळणाचा खर्च

कोलारच्या सोन्याच्या खाणींचा विषय निघाला की बोलणं खोलीवर येतं. चॅम्पियन रीफ खाण तीन किलोमीटरपेक्षा खोल गेली होती, तेव्हा ते साहजिकही आहे. वर आणलेल्या दगडाचं पुढे काय व्हायचं, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही. माझ्या मते खाणकामाची खरी परीक्षा तिथेच होती.

तिथलं सोनं निळसर करड्या गारगोटीत बारीक कणांच्या रूपात अडकलेलं होतं. मोसच्या मापावर गारगोटीची कठिनता ७, सोन्याची २.५ ते ३. गारगोटी फुटते. सोनं फुटतच नाही, ठोकलं की चपटं होतं. १८८० नंतर जॉन टेलर कंपनीने तिथे जम बसवला, त्या काळात दगड फोडून दळायचं काम स्टॅम्प मिल करत. स्टॅम्प मिल म्हणजे लोखंडी मुसळांची रांगच. वरचा दांडा फिरला की मुसळ उचललं जाई आणि आपल्या वजनाने पाण्यातल्या दगडावर आदळे. चाळणीतून बाहेर पडलेला गढूळ रबडा पारा लावलेल्या तांब्याच्या पत्र्यांवरून वाहायचा आणि मोकळे झालेले सोन्याचे कण पाऱ्याला धरायचे. गारगोटीच्या कणात बंद राहिलेलं सोनं तसंच पुढे वाहून जायचं.

१८८७ मध्ये सायनाइडच्या द्रावणात सोनं विरघळवून काढायच्या प्रक्रियेचं पेटंट निघालं आणि हे निसटलेलं सोनंही हाती येऊ लागलं. पण सायनाइड कणापर्यंत पोहोचायला हवं, म्हणजे दळण आणखी बारीक हवं. बारीक दळायचं तर ताकद लागते. १९०२ मध्ये शिवनसमुद्रच्या धबधब्यावरची वीज कोलारला पोहोचली, ती अशा कामांसाठीच.

किती ताकद लागेल, हे आधी सांगता येईल का? १८६७ मध्ये रिटिंगर यांनी मांडलं, की जितका नवा पृष्ठभाग तयार होतो तितकी ऊर्जा खर्च होते. १८८५ मध्ये किक यांनी पृष्ठभागाऐवजी आकारमानाचा हिशेब धरला. जाड फोडणीला किक बरे लागू पडतात, अगदी बारीक दळणाला रिटिंगर. गिरणीच्या कामाला उपयोगी पडेल असा मधला मार्ग १९५२ मध्ये ॲलिस-चामर्स कंपनीतल्या फ्रेड बाँड यांनी दिला. टनामागे किती किलोवॅट-तास, असा प्रत्येक दगडाचा एक आकडा त्यांनी काढला. त्याला वर्क इंडेक्स म्हणतात.

बाँड यांच्या तक्त्यात मला सर्वांत बोलका वाटतो तो अभ्रकाचा आकडा. सोन्याच्या धातुकाचा, म्हणजे सोनं असलेल्या दगडाचा, सरासरी आकडा १५ च्या आसपास, शिशाच्या धातुकाचा ११ च्या वर. नखाने ओरखडा पडेल इतक्या मऊ अभ्रकाचा १३४! खलबत्त्यात अभ्रक कुटून पाहा: पापुद्रे सुटतात, वाकतात, एकमेकांवरून घसरतात, पण भुकटी होत नाही. आपल्या वैद्यांना हे फार पूर्वीच कळलं होतं. धान्याभ्रक, म्हणजे औषधासाठी बारीक केलेलं अभ्रक, करताना ते अभ्रक साळीबरोबर कांबळ्यात बांधून कांजीत भिजवत आणि मग हाताने चोळून बारीक कण बाहेर काढत. जे कुटून होत नाही ते घासून साधायचं, हा शोध लहान नाही.

शिशाचं खनिज असलेल्या गॅलेनाची तऱ्हा याच्या उलट. त्याला तीन दिशांनी काटकोनात स्वच्छ पाटन आहे, म्हणजे तो ठरावीक सपाट पातळ्यांवरच फुटतो, त्यामुळे हातोडीचा हलका घाव बसला तरी चौकोनी तुकडे पडतात. तो इतक्या सहज फुटतो, की अडचण होते ती अति दळण्याची. शिवाय तो जड, घनता ७.५. दळलेला रबडा गरगर फिरवून बारीक आणि भरड कण वेगळे करणाऱ्या सायक्लोनमध्ये जड कण भरड समजून गिरणीकडे परत पाठवले जातात, पुन्हा दळले जातात आणि शेवटी धातूच गाळात निघून जातो. म्हणून गॅलेना मोकळा झाला की लगेच बाजूला काढावा लागतो.

गोव्याच्या लोहखनिजात बराच भाग मुळातच भुसभुशीत. तिथे फोडण्यापेक्षा धुण्याची कटकट जास्त, चिकट मातीने चाळण्या बुजतात.

कोलारच्या खाणी २००१ मध्ये बंद झाल्या. दळून टाकलेल्या दगडाचे ढीग, तिथले लोक ज्यांना सायनाइड डंप म्हणतात, अजून उभे आहेत. पिठासारखा बारीक तो कण वारा सुटला की वस्तीत उडतो. गारगोटीत बंद राहिलेलं थोडं सोनं अजूनही त्या ढिगांतच आहे.