टॅपेट वाजतायत? वाजू द्या की!

आमच्या कोपऱ्यावरच्या रिक्षा स्टँडवर एक काका आहेत. गाडीला इतकं जपतात की सीटवर कुणी ओली छत्री ठेवली तरी आरशातून बघतात. मागे एकदा मोठ्या कौतुकाने मला म्हणाले, "ऐक जरा इंजिन. आधी नुसतं टकटक टकटक करायचं, आता बघ कसं मऊ चालतंय. काही न करता, आपोआप." मी म्हटलं, काका, आपोआप बरी होते ती सर्दी, इंजिन नाही. ते हसले आणि भाडं घेऊन गेले. पुढे पंधरा दिवसांनी सकाळी गाडी स्टार्ट होईना, झाली तर आयडलिंगला थांबेना, आणि कात्रजच्या चढाला तीन पॅसेंजर घेऊन पहिल्या गियरशिवाय हलेना.

सीएनजी रिक्षा शांत झाली की मालक खुश होतो आणि नेमकं तेव्हाच त्याने पाना शोधायला हवा असतो. हे उलटं वाटतं ना? मला पण पहिल्यांदा तसंच वाटलं होतं.

यात रिक्षावाल्यांची चूक नाही. जुन्या टू-स्ट्रोक रिक्षा, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणाऱ्या आणि मागे निळा धूर सोडणाऱ्या, त्यांना मुळात व्हॉल्व्हच नव्हते. सिलिंडरच्या भिंतीतच भोकं असायची, पिस्टन वरखाली होताना ती उघडायची-मिटायची. त्यामुळे त्या पिढीचा कान एवढंच शिकला की खडखड म्हणजे काहीतरी झिजलं. फोर-स्ट्रोक आलं आणि डोक्यावर दोन व्हॉल्व्ह आले, एक हवा-इंधन आत घेणारा, एक धूर बाहेर सोडणारा (एक्झॉस्टचा), मेकॅनिकच्या भाषेत 'वॉल'. कान मात्र जुनाच राहिला.

आता टॅपेटचा गॅप म्हणजे काय ते बघू. व्हॉल्व्हचा आकार छत्रीसारखा: खाली रुंद तोंड, वर लांब दांडी. दांडीच्या टोकावर रॉकर नावाचा छोटासा तरफेसारखा तुकडा दाब देतो, व्हॉल्व्ह उघडतो. दाब गेला की स्प्रिंग त्याला परत वर खेचून सीटवर, म्हणजे हेडमध्ये (सिलिंडरच्या वरच्या झाकणात) बसवलेल्या कडक धातूच्या रिंगवर, घट्ट बसवते. रॉकर आणि दांडी यांच्यात मुद्दाम केसाच्या जाडीएवढी फट, म्हणजेच टॅपेटचा गॅप, ठेवलेली असते, कारण धातू तापला की लांबतो आणि फट नसेल तर लांबलेली दांडी रॉकरला टेकून व्हॉल्व्ह अर्धवट उघडाच राहील. व्हॉल्व्ह उघडताना दर वेळी ती फट मिटते तेव्हा टक असा आवाज येतो. म्हणजे थोडी टकटक ही इंजिन जिवंत असल्याची खूण आहे (थोडी म्हटलंय, हातोडा मारल्यासारखी नव्हे!).

रॉकर, त्याला हलवणारा कॅम वगैरे झिजले तर फट वाढते आणि आवाज वाढतो, हे सगळ्यांना कळतं. पण सीट झिजली तर? व्हॉल्व्ह सीटमध्ये खोल रुतत जातो, त्यामुळे त्याची दांडी वर सरकते, रॉकरच्या जवळ जाते आणि फट कमी होते. झीज वाढतेय आणि आवाज कमी होतोय. मला ही गोष्ट इतकी आवडते की लग्नात जेवताना शेजारच्या माणसाला समजावून सांगितली आहे.

आणि हे गॅसवर जास्त का होतं? 'गॅस जास्त गरम जळतो' हे सगळीकडे ऐकू येतं, पण सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि मिथेनची ज्योत पेट्रोलपेक्षा जास्त तापलेली नसते. फरक दुसराच आहे. पेट्रोल द्रव असतं, वाफ होताना उष्णता शोषून थोडा गारवा देतं, आणि जळाल्यावर कार्बनचा पातळ थर मागे सोडतं. गॅस कोरडाच येतो, स्वच्छ जळतो, काजळी जवळजवळ शून्य. शिवाय मिथेन जरा सावकाश जळतो, म्हणून ठिणगीचं टायमिंग गॅसला जुळवलेलं नसेल तर एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह उघडेपर्यंत आत जाळ चालूच असतो आणि तो त्या व्हॉल्व्हला भाजून काढतो. आता तापलेला स्वच्छ धातू तापलेल्या स्वच्छ धातूवर आपटला, मध्ये ना काजळी ना तेल, तर दोन्हीकडचे अतिसूक्ष्म उंचवटे एकमेकांना चिकटतात, जवळपास वेल्डिंगच म्हणा, आणि व्हॉल्व्ह उघडताना त्यांचे कण उपटून निघतात. जी स्वच्छता आपल्या फुप्फुसांना चांगली, तीच बिचाऱ्या सीटला भोवते.

थोडं गणित करतो, कंटाळा आला तर हा परिच्छेद सोडून द्या. धरून चला इंजिन ४००० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला ४००० फेऱ्यांवर, आहे. फोर-स्ट्रोकमध्ये व्हॉल्व्ह दोन फेऱ्यांत एकदा आपटतो, म्हणजे मिनिटाला २००० वेळा, सेकंदाला ३३. दिवसाला ८ तास म्हटलं तर साडेनऊ लाखांच्या वर ठोके. समजा ०.१ मिलिमीटरची फट ५० दिवसांत संपली, तर जवळपास पाच कोटी ठोक्यांत तेवढीशी झीज, म्हणजे एका ठोक्याला सुमारे २ पिकोमीटर (पिकोमीटर म्हणजे मिलिमीटरचा अब्जावा भाग). लोखंडाचा अणू साधारण २५० पिकोमीटरचा. म्हणजे एका ठोक्याला अणूचा शंभरावा भागही झिजत नाही, पण दर चार सेकंदाला अणूंचा एक थर गेला! सिग्नलला उभं राहून आपण फोन बघतो तेवढ्यात पंधरा-वीस थर.

जुने मिस्त्री म्हणतात पूर्वीच्या पेट्रोलमध्ये दम होता, त्यात थोडं तथ्य आहे. १९२१ मध्ये अमेरिकेत थॉमस मिजली याने पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग घालून इंजिनचं नॉकिंग, म्हणजे इंधन अवेळी पेटून होणारी ठोकाठोक, थांबवलं, आणि त्या शिशाचा थर सीटवर बसून फुकटात गादीचं काम करायचा. पण तेच शिसं लहान मुलांच्या मेंदूत जात होतं, म्हणून आपल्याकडे २००० साली ते देशभर बंद झालं ते उत्तमच झालं. त्याऐवजी कंपन्यांनी सीट कडक धातूच्या केल्या. कंपनीतूनच सीएनजी आलेल्या गाडीत झीज त्यामुळे सावकाश होते, पण मऊ सीटच्या जुन्या इंजिनला नंतर सीएनजी किट बसवलं असेल तर लक्ष जास्त ठेवावं लागतं.

फट पूर्ण संपली की खरा घोळ. बंद असताना एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता सीटलाच देऊन गार होतो. सीटवर नीट बसलाच नाही तर उष्णता जाणार कुठे, वर व्हॉल्व्ह आणि सीट यांच्यातल्या बारीक चिरेतून पेटता वायू झोतासारखा निघतो आणि व्हॉल्व्हची कड जळते. मग हेड खोलणं आलं.

तर काकांच्या गाडीला आम्ही काय केलं. आधी नॉब फिरवून पेट्रोलवर चालवून बघितली. पेट्रोलवर नीट आणि गॅसवरच मिसिंग असेल तर दोष किटचा, फिल्टरचा किंवा ठिणगीचा, कारण गॅसमध्ये ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं आणि कमजोर प्लग तिथेच आधी उघडा पडतो. पण काकांची गाडी दोन्हीवर सारखीच मरगळलेली. मग ड्रायव्हरच्या सीटजवळचा स्टार्टचा दांडा हाताने हळू ओढला, कॉम्प्रेशनला जो अडखळ लागतो तो लागलाच नाही, लोण्यातून सुरी फिरवल्यासारखा वर आला. प्लग काढून भोकात चमचाभर ऑइल टाकलं, प्लग लावला, परत ओढला. दांडा जड झाला असता तर पिस्टनच्या रिंगा गेल्या असं धरलं असतं, पण तो हलकाच राहिला. म्हणजे व्हॉल्व्ह.

टॅपेट सेट करायला इंजिन रात्रभर गार झालेलं हवं, आणि गाडीच्या पुस्तकातला आकडा हवा, शेजाऱ्याच्या गाडीचा नको. सगळ्यात मोठी गफलत होते ती पिस्टन 'टॉप'ला आणताना. फोर-स्ट्रोकमध्ये पिस्टन वर दोनदा येतो आणि त्यातल्या एका वेळी दोन्ही व्हॉल्व्ह किंचित उघडे असतात, तेव्हा सेट केलं तर केलेलं सगळं पाण्यात. प्लगच्या भोकावर बोट ठेवून इंजिन फिरवा, हवा बोट ढकलत असताना पिस्टन जिथे सगळ्यात वर येतो तोच आपला टॉप. दोन्ही रॉकर बोटाने हलले पाहिजेत. काकांचा एक्झॉस्टचा हलेचना. स्क्रूला जागेवर धरणारा चेक नट ढिला करून, फीलर गेजची (फट मोजायची पातळ) पट्टी किंचित अडकत सरकेल एवढं स्क्रूने आणलं, नट आवळताना स्क्रू फिरतो म्हणून परत तपासलं. हे घरी जमतं. गॅसच्या पाइपला आणि टाकीला मात्र हात लावायचा नाही, आत २०० बारच्या आसपास प्रेशर असतं, आणि टाकीची तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट चुकवायची नाही.

मधल्या काळात कुणीतरी काकांना गॅसच्या पाइपवर लावायचं 'मायलेजचं चुंबक' विकलं होतं. मिथेनला चुंबक ओढत नाही, त्याच्या जळण्यात फरक पडत नाही. हँडलला लटकवलेलं लिंबू-मिरची तरी दहा रुपयांत येतं आणि उरलं तर पोह्यांवर पिळता येतं.

नशिबाने कड जळली नव्हती. दुसऱ्याच ओढीला गाडी सुरू झाली, पिकअप परत आला. संध्याकाळी काका मला गाठून म्हणाले, "बाकी सगळं झकास, पण ते टकटक परत सुरू झालंय रे. त्याचं काहीतरी बघ ना."