पीटभूमी-संरक्षण व मॉसची मर्यादित तोडणी

पाणथळ, प्राणवायूची उणीव असलेल्या जमिनीत वनस्पतींचे अवशेष पुरते न कुजता थरांनी साचून पीट बनते. थंड प्रदेशांत ते मुख्यतः स्फॅग्नम या मॉसचे (पाणथळीत वाढणाऱ्या शेवाळासारख्या वनस्पतीचे) असते. त्याच्या पानांतील पोकळ, मृत पेशी कोरड्या वजनाच्या सुमारे २० पट पाणी धरतात. जगातील जमिनीचा जेमतेम ३ टक्के भाग व्यापणाऱ्या पीटभूमीत साऱ्या अरण्यांतील वनस्पतींहून अधिक कार्बन आहे. थर वर्षाला साधारण १ मिमी. किंवा त्याहूनही कमी वाढत असल्याने पीटच्या उत्खननाची भरपाई पिढ्यान्‌पिढ्या होत नाही. जिवंत मॉस मात्र हाताने, तळचा भाग राखून आणि जागेला वर्षानुवर्षे विसावा देऊन काढल्यास पुन्हा वाढते. चिलीने २०२४ मध्ये पीट काढण्यास कायद्याने बंदी केली. भारतात निलगिरीतील पीट प्राचीन हवामानाच्या अभ्यासासाठी मोलाचे ठरले आहे.

माळव्याच्या काळ्या जमिनीत पीट नाही. इंदूरचे सिरपूर व यशवंत सागर (पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत, २०२२) हे बांधलेले तलाव आहेत. तथापि रोपवाटिकेत वापरल्या जाणाऱ्या पीटला पर्याय म्हणून कुजलेल्या खताचा विचार करताना इंदूरचे नाव टाळता येत नाही. येथील वनस्पती-उद्योग संस्थेत १९२४ ते १९३१ या काळात ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी खत कुजवण्याची ‘इंदूर पद्धत’ सिद्ध केली. सुमारे ३० फूट लांब व १४ फूट रुंद उथळ खड्ड्यांत काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली गोठ्यातील माती आणि राख यांचे थर देऊन, पाणी शिंपडून ते तीनदा उलथले जात व खत सुमारे तीन महिन्यांत तयार होई. या पद्धतीच्या उगमाविषयी एकमत नाही. काही अभ्यासक तिचे श्रेय सर्वस्वी हॉवर्ड यांना देतात, काही अमेरिकी मृदाशास्त्रज्ञ एफ. एच. किंग यांनी १९११ च्या ग्रंथात वर्णिलेल्या चिनी प्रथेकडे, तर काही भारतीय शेतकऱ्यांच्या उकिरड्याकडे बोट दाखवतात. चिनी प्रथेचे ऋण हॉवर्ड यांनी स्वतःच मान्य केले होते आणि १९३१ च्या मूळ ग्रंथावर सहलेखक म्हणून यशवंत वाड यांचे नाव आहे. म्हणून जुन्या प्रथांना प्रयोगशाळेची शिस्त लावणारी ही संयुक्त निर्मिती मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

असे खत पीटची जागा सर्वत्र घेत नाही. पीट आम्लधर्मी व क्षारांनी गरीब असते, खत तसे नसते. त्यामुळे रोपवाटिकेत ते कोकोपीटमध्ये (नारळाच्या सोडणाच्या भुश्यात) मिसळून वापरणे इष्ट, आणि ऑर्किडच्या मुळांभोवती मॉसऐवजी नारळाच्या सोडणाचे तुकडे चालतात.