क्रीमी लेयर (उन्नत व प्रगत गट)

मागासवर्गात मोडणाऱ्या, पण पद, मालमत्ता किंवा उत्पन्न यांच्या बळावर पुढे गेलेल्या कुटुंबांचा थर. या थरातल्या मुलामुलींना इतर मागासवर्गीयांसाठी राखीव असलेल्या नोकऱ्या आणि प्रवेश मिळत नाहीत. जात तीच राहते, सवलत जाते. शासकीय मराठीत याला ‘उन्नत व प्रगत व्यक्ती/गट’ म्हणतात, पण ते शब्द दाखल्यावरच वाचायला मिळतात. एरवी कानावर पडते ते ‘नॉन क्रीमी लेयर काढलं का?’, म्हणजे या थरात नसल्याचा दाखला. संकल्पना एक आणि लोकांच्या तोंडी बसले ते तिच्या अभावाचे नाव, असा हा प्रकार आहे.

आरक्षण न्याय्य आहे का, हा वाद भारतात दोन तोंडांनी चालतो. पहिला बाहेरचा: जात पाहून जागा द्यावी का? दुसरा घरातला: ज्यांच्या नावाने जागा राखली त्यांच्यापैकी तिथवर पोचतो कोण? क्रीमी लेयर हे दुसऱ्या प्रश्नाला शोधलेले उत्तर. पहिल्या वादातले विरोधकही ते सोयीने हाती घेतात, म्हणून चर्चा बहुधा तिथेच गढूळ होते.

शब्दाचा उगम न्यायालयातला आहे. केरळ सरकार विरुद्ध एन. एम. थॉमस या 1975 सालच्या निकालात न्या. व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी राखीव जागांचा लाभ मागासांतला वरचा सायीसारखा थर पटकावतो, अशी खंत नोंदवली. गंमत अशी की तो खटला अनुसूचित जाती-जमातींच्या कर्मचाऱ्यांना विभागीय परीक्षेत दिलेल्या सवलतीचा होता. पुढे हे तत्त्व लागू झाले ते मात्र इतर मागासवर्गीयांना. दहा वर्षांनी, 1985 च्या वसंतकुमार खटल्यात, न्या. ओ. चिन्नप्पा रेड्डी यांनी याच उपमेला उलट टोला दिला: खुल्या जागासुद्धा समाजातला वरचा थरच पटकावत नाही काय? स्पर्धेत असे होणारच, म्हणून आरक्षणाची गरज संपत नाही. या प्रश्नाला समाधानकारक उत्तर अजून कोणी दिलेले नाही.

मंडल आयोगाच्या शिफारशीनुसार केंद्र सरकारने ऑगस्ट 1990 मध्ये नोकऱ्यांत 27 टक्के जागा राखल्या आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. इंद्रा साहनी खटल्यात 16 नोव्हेंबर 1992 रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने हे आरक्षण वैध ठरवले, एकूण मर्यादा 50 टक्क्यांची घातली आणि प्रगत थर वगळण्याचा आदेश दिला. वगळण्याला विरोध एकट्या न्या. रत्नवेल पांडियन यांचा होता. पण वगळायचे कसे, यावर बहुमताच्या बाजूचेही सावध होते. न्या. जीवन रेड्डी यांनी दिलेले सुताराचे उदाहरण आजही वाचण्यासारखे आहे. सुतार जातीतला एक माणूस आखातात जाऊन सुतारकामच करतो. रुपयांत मोजली तर त्याची कमाई भरघोस दिसते. त्याच्या मुलांना मागासवर्गातून काढायचे का? तोच कारखान्याचा मालक झाला, इतरांना रोजगार देऊ लागला, तर गोष्ट वेगळी. मुंबई-दिल्लीत ज्या उत्पन्नाचे कोणाला काही वाटत नाही तेच खेड्यात मोठे ठरते, हेही त्यांनी लिहून ठेवले. पीठातले मराठी न्यायाधीश न्या. पी. बी. सावंत यांनी कसोटी आणखी कडक मांडली: माणूस आपल्या जातभाईंच्या तुलनेत किती पुढे गेला ते पाहू नका, पुढारलेल्या वर्गांशी टक्कर देण्याइतका झाला का ते पाहा.

या सूक्ष्म विचाराचे सरकारी कागदावर जे झाले ते 8 सप्टेंबर 1993 च्या केंद्रीय आदेशात दिसते. त्यात दोन वेगळ्या चाळण्या आहेत आणि लोक सर्रास त्यांची गल्लत करतात. पहिली पदाची. आई किंवा वडील थेट भरतीने सरकारी सेवेच्या सर्वांत वरच्या गट अ मध्ये असतील, किंवा दोघेही थेट भरतीने त्याखालच्या गट ब मध्ये असतील, तर मुले प्रगत थरात. पगार कितीही असो. गट ब मध्ये लागलेले वडील चाळिशीपर्यंत गट अ मध्ये पोचले तरी तेच. सैन्यात ही रेषा कर्नलच्या हुद्द्यापाशी आहे. दुसरी चाळणी उत्पन्नाची: सलग तीन वर्षे ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त. ही मर्यादा 1993 मध्ये एक लाख होती. 2004 मध्ये अडीच, 2008 मध्ये साडेचार, 2013 मध्ये सहा आणि 2017 मध्ये आठ लाख रुपये झाली. मात्र या उत्पन्नात पगार आणि शेतीचे उत्पन्न धरत नाहीत. उमेदवाराची स्वतःची किंवा जोडीदाराची कमाईही बघत नाहीत; स्थिती ठरते ती आईवडिलांवरून.

पगार न धरण्याचा परिणाम एका घरावर पाहावा. नवरा-बायको दोघे जिल्हा परिषदेचे प्राथमिक शिक्षक, गट क. सातव्या वेतन आयोगानंतर दोघांचा मिळून पगार आठ लाखांच्या बराच वर जातो, तरी मुलगी नॉन क्रीमी लेयर. शेजारी महिन्याला सत्तर हजार मिळवणारा किराणा दुकानदार, त्याची मुलगी क्रीमी लेयर. दुकानदार कुरकुरतो, आणि हिशेब पाहिला तर त्याची कुरकुर खोटी नाही. नियमाचा बचावही आहे: गट क ची नोकरी म्हणजे सत्ता नव्हे, आणि पगारवाढीने सामाजिक दर्जा आपोआप वाढत नाही. पण दुकानाच्या गल्ल्याने तरी तो वाढतो का, याचे उत्तर बचावात सापडत नाही.

शेतीचा हिशेब उत्पन्नावर नसून जमिनीवर आहे. कमाल धारणेच्या, म्हणजे कायद्याने कुटुंबाला जास्तीत जास्त ठेवता येणाऱ्या जमिनीच्या, 85 टक्के किंवा अधिक ओलिताची जमीन असेल तर कुटुंब प्रगत. महाराष्ट्रात बारमाही ओलिताची कमाल धारणा 18 एकर, म्हणजे रेषा साधारण सव्वापंधरा एकरांवर येते. निव्वळ कोरडवाहू असेल तर ही अट लागत नाही. वारसाहक्काने तुकडे होत गेलेल्या आजच्या सातबाऱ्यांवर या रेषेपर्यंत पोचणारे थोडेच.

सार्वजनिक उपक्रम आणि बँकांतली पदे सरकारी गटांशी जुळवून देण्याचे काम 1993 च्या आदेशातच सांगितले होते. केंद्राने ते केले 2017 मध्ये, तब्बल 24 वर्षांनी. दरम्यान समतुल्यता न ठरलेल्या आईवडिलांचा पगार मोजायचा, असा अर्थ 2004 च्या एका खुलाशावरून लावला गेला. परीक्षा उत्तीर्ण झालेल्या अनेक उमेदवारांना त्यासाठी न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या.

महाराष्ट्राचा आरक्षण कायदा 2001 सालचा, अंमल 2004 पासून. त्यात अनुसूचित जाती व जमाती सोडून सर्व प्रवर्गांना हे तत्त्व लागू आहे. विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गालाही. पाल ठोकून राहिलेल्या पिढीच्या नातवाला ‘आम्ही प्रगत नाही’ असा कागद तहसिलातून फिरून उपविभागीय अधिकाऱ्याच्या सहीने आणावा लागतो, यात एक विचित्र क्रौर्य आहे. खुल्या प्रवर्गातल्या महिलांनाही महिला आरक्षणासाठी हा दाखला लागत असे. ती अट 2023 मध्ये निघाली. मराठा समाजासाठीच्या 2024 च्या कायद्यातही क्रीमी लेयरची अट आहे.

प्रत्यक्षात या संकल्पनेची गाठ पडते ती मे-जूनमध्ये, सीईटीच्या निकालानंतर. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन क्रीमी लेयर, असे त्रिकूट जमवताना घरे धावत असतात. पहिले दोन कागद एकदा मिळाले की मिळाले. तिसऱ्याची मुदत 31 मार्चला संपते आणि तीन वर्षांचा उत्पन्नाचा दाखला पुन्हा जोडावा लागतो. वेळेत सादर झाला नाही तर उमेदवार खुल्या प्रवर्गात धरला जातो. प्रगत थर बाहेर ठेवण्यासाठी केलेली ही चाळणी अशा वेळी मजुराच्या पोराला अडवते आणि सनदी लेखापाल पदरी असलेल्याला सोडते.

लाभ एकवटतो तो काही घरांतच नव्हे, काही जातींतही. 2017 मध्ये नेमलेल्या न्या. रोहिणी आयोगाच्या 2018 सालच्या पाहणीत केंद्रातल्या इतर मागासवर्गीय जागांपैकी सुमारे 97 टक्के जागा एक चतुर्थांश पोटजातींकडे गेल्याचे आढळले होते. कुटुंबवार चाळणी कितीही बारीक केली तरी हा दोष तिच्यातून निसटतो. त्यावर उपाय उपवर्गीकरणाचा, म्हणजे प्रवर्गाचे आत आणखी गट पाडून जागा वाटण्याचा.

अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला सर्वोच्च न्यायालयाने 1 ऑगस्ट 2024 रोजी सहा विरुद्ध एक मताने मान्यता दिली, तेव्हा सातपैकी चार न्यायाधीशांनी या वर्गांतही क्रीमी लेयर शोधावा असे मत मांडले. त्यांतले न्या. भूषण गवई अमरावतीचे, रिपब्लिकन नेते रा. सू. गवई यांचे चिरंजीव. त्यामुळे हे मत विदर्भातल्या बौद्ध वस्त्यांत घरचे मत म्हणून वाचले गेले आणि तितक्याच तीव्रतेने खोडलेही गेले. न्या. पंकज मिथल यांनी तर आरक्षण पहिल्या पिढीपुरतेच असावे असे सुचवले. मराठीत ‘दुधावरची साय’ म्हणजे नातवंडे, हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही; वाद खरोखरच नातवंडांचा आहे. विरोधकांचे म्हणणे असे की अस्पृश्यता पगारावर ठरली नव्हती, भाड्याने घर बघायला गेलेल्या अधिकाऱ्यालाही आडनाव विचारले जाते. शिवाय वरचा थर वगळला आणि खालून पात्र उमेदवार आला नाही तर जागा रिकाम्या राहतील. समर्थक विचारतात, कलेक्टरच्या मुलाने सफाई कामगाराच्या मुलीची जागा घेणे कोणत्या न्यायात बसते? केंद्रीय मंत्रिमंडळाने आठ दिवसांत, 9 ऑगस्टला, घटनेत अशी तरतूद नसल्याचे सांगून विषय बाजूला सारला.

आठ लाखांचा आकडा 2019 पासून आर्थिक दुर्बल घटकांच्या आरक्षणातही आहे. तिथे तो आत घेण्याची रेषा आहे, इथे बाहेर काढण्याची. तिथे पगार आणि शेती धरून एका वर्षाचे उत्पन्न मोजतात, इथे ती दोन्ही सोडून तीन वर्षांचे. क्रीमी लेयरच्या मर्यादेचा दर तीन वर्षांनी फेरविचार व्हावा असे 1993 च्या आदेशातच म्हटले होते. ऑक्टोबर 2024 मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मर्यादा 15 लाख करण्याची विनंती केंद्राला करायचे ठरवले.