बडोद्यात स्वतःच्या प्लॉटवर घर बांधताय? रजाचिठ्ठी, म्हणजे बांधकामाची परवानगी, नेमकी कुठे अडते ते आधी वाचा

घर बांधायचं ठरलं की आपली माणसं सगळ्यात आधी कॉन्ट्रॅक्टर गाठतात. डिझाइनपासून चावीपर्यंत सगळं आम्ही बघतो म्हणणारे बडोद्यात आता पुष्कळ झालेत, त्यातले काही खरंच चांगले आहेत, चहा पितापिता लॅपटॉपवर थ्रीडी फिरवून दाखवतात, आजींची खोली खाली, देवघर ईशान्येला, ओसरीत झोपाळा, घरचे सगळे खूश. तीन महिने यातच जातात. मग फाइल ऑनलाइन चढते आणि एका ओळीचा शेरा घेऊन परत येते, "अरजदार अने मालिक जुदा छे", म्हणजे अर्जदार आणि मालक वेगळे आहेत. मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात फायलींचंच काम करतो आणि दर महिन्याला कोणी ना कोणी ही ओळ छापून घेऊन समोर बसलेलं असतं.

साधी गोष्ट आधी सांगून टाकतो. परवानगी शहरात महानगरपालिका देते, हद्दीबाहेर वुडा म्हणजे नगरविकास प्राधिकरण, नियम 2017 च्या सीजीडीसीआरचे, म्हणजे गुजरातच्या बांधकाम नियमावलीचे, अर्ज ओडीपीएस या ऑनलाइन पोर्टलवर. अर्ज मालक स्वतः भरत नाही, रजिस्टर्ड आर्किटेक्ट किंवा इंजिनिअर त्याच्या लॉगिनमधून भरतो, सोबत स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि क्लार्क ऑफ वर्क्स, म्हणजे साइटवर देखरेख करणारा, यांची नावं लागतात. भायली, सेवासी, बिल वगैरे गावं 2020 मध्ये शहरात आलीत, त्यामुळे जुने कागद घेऊन वुडात हेलपाटे घालू नका.

आता अडतं कुठे. जमीन कागदावर अजून आजोबांच्या नावावर असते आणि आजोबांना जाऊन तीस-पस्तीस वर्षं झालेली असतात. वेराबिल, म्हणजे घरपट्टीचं बिल, वडिलांच्या नावावर येतं म्हणून लोकांना वाटतं झालं की नाव. नाही झालं. वेराबिल म्हणजे कर कोण भरतो त्याचा कागद, मालकीचा नाही, हे मी रोज एकदा तरी सांगतो. मालकी दिसते ती सिटी सर्व्हेच्या प्रॉपर्टी कार्डवर किंवा सातबाऱ्यावर, सोबत दस्तावेज म्हणजे खरेदीखत आणि त्याच्या नोंदणीचा उतारा, इंडेक्स-2. तिथे वारसाई, म्हणजे वारसांची नावं चढवणं, झालेली नसेल तर तुमचं थ्रीडी गुंडाळून ठेवा आणि आधी ती करा.

वारसाईला पेढीनामा म्हणजे वंशावळ लागते, तलाटीसमोर, सोगंदनामा (प्रतिज्ञापत्र) आणि पंचांच्या सह्यांसकट. सगळ्यात जास्त चूक होते ती इथे. लोक फक्त भाऊ लिहितात. लग्न होऊन इंदूरला गेलेली आत्या, पुण्याची आत्या, त्यातली एक वारली असेल तर तिची मुलं, सगळी लिहायची असतात. "तिला काही नकोय हो" हे मला मान्य आहे, खात्याला नाही. तिला खरंच नको असेल तर हक्क कमीचा लेख, म्हणजे हक्कसोडपत्र, करायचा आणि तो रजिस्टर करायचा, शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी करून आणलेला कागद चालत नाही. अमेरिकेतल्या भावाचं कुलमुखत्यारपत्र असेल तर ते तिथल्या वकिलातीतून साक्षांकित होऊन येतं, आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथली स्टॅम्प ड्युटी भरायची असते. सहीच्या तारखेपासून नाही, पोचल्यापासून, म्हणून कुरिअरचं पाकीट फेकू नका. एका गृहस्थांनी ते चार महिने कपाटात साड्यांखाली जपून ठेवलं होतं, अगदी सुरक्षित, पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं.

मृत्यूचा दाखलाच नसतो असंही होतं. जुनी माणसं घरी गेली, कोणी नोंदच केली नाही. एक वर्ष उलटून गेलेली नोंद मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय होत नाही, यात वेळ जातो, म्हणून हे काम कॉन्ट्रॅक्टरला टोकन द्यायच्या आधी सुरू करा. नावांची गंमत तर विचारूच नका, दस्तावेजात दत्तात्रय, कार्डावर दतात्रेय, आधारवर दत्ता, एकीकडे आडनाव पुढे तर दुसरीकडे मागे. माणूस एकच आहे असा सोगंदनामा जोडा, नाहीतर खिडकीवरचे साहेब तीन वेगळी माणसं मोजतात. फेरफाराची नोंद पडली की जमीन महसूल कायद्याच्या कलम 135-डीची नोटीस निघते, हरकतीसाठी 30 दिवस, ते दिवस कोणाच्या ओळखीने कमी होत नाहीत, तसं सांगणाऱ्याला पैसे देऊ नका.

दुसरी अडचण मापाची. दस्तावेजात एक क्षेत्रफळ, कार्डावर दुसरं, आणि जागेवर टेप लावली की तिसरं. कॉन्ट्रॅक्टर जागेवरच्या मापाने डिझाइन करतो कारण त्याला तेच दिसतं. तुम्ही तिन्हीतलं सगळ्यात कमी धरून चाला. टीपी (टाउन प्लॅनिंग) स्कीममध्ये जमीन असेल तर सातबाऱ्यावरचं क्षेत्र विसरा, कपात होऊन जो फायनल प्लॉट मिळाला त्याच्यावर सगळं चालतं, त्या प्लॉटचे स्कीममधले कागद, एफ फॉर्म आणि पार्ट प्लॅन, काढून आणा आणि मगच डिझायनरला माप द्या. आमच्याकडे एका केसमध्ये जिना नऊ इंच मार्जिनमध्ये, म्हणजे घराभोवती मोकळ्या सोडायच्या जागेत, जात होता, नऊ इंच, आणि त्या जिन्यामुळे आख्खा तळमजला सरकवायला लागला, आजींच्या खोलीतला संडास-बाथरूम गेलं, घरात महिनाभर अबोला. सोसायटीचा प्लॉट असेल तर जमीन बऱ्याचदा सोसायटीच्या नावावर असते, तुमच्याकडे शेअर सर्टिफिकेट आणि ॲलॉटमेंट. तिथे सोसायटीची एनओसी लागते, आणि कमिटीची निवडणूकच झालेली नसेल तर सही करणार कोण, हे आधी बघा.

अर्जात मोबाईल नंबर तुमचा टाका. कॉन्ट्रॅक्टर प्रेमाने स्वतःचा टाकतो, मग क्वेरी त्याच्याकडे येते, तो दुसऱ्या साइटवर असतो आणि तुम्ही घरी बसून सरकारला शिव्या देता. आर्किटेक्ट आणि इंजिनिअरचं रजिस्ट्रेशन चालू आहे का हेही विचारा, विचारायला लाजू नका.

रजाचिठ्ठी मिळाली की पेढे वाटतात आणि गप्प बसतात, इथे मुदतीचा घोळ होतो. 1976 च्या टाउन प्लॅनिंग कायद्याप्रमाणे ती मंजुरीच्या तारखेपासून एक वर्ष चालते, कॉन्ट्रॅक्टरने नारळ फोडला त्या दिवसापासून नाही. मुदतवाढ मिळते पण ती अर्ज करून, एका वेळी एकच वर्ष, आणि सगळी मिळून तीन वर्षांपलीकडे नाही. पितृपक्ष, मग दिवाळी, मग लग्नसराई असं करत लोक अकरा महिने घालवतात. काम सुरू करताना कळवायचं, प्लिंथ (जोतं) झाल्यावर कळवायचं, हे कॉन्ट्रॅक्टरवर सोडू नका. विश्वामित्रीच्या बाजूला घर असेल तर प्लिंथच्या उंचीचा विषय प्लॅन काढतानाच काढा, 2024 च्या ऑगस्टमध्ये काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय, प्लिंथ एकदा भरली की मग उंची वाढवता येत नाही.

कॉन्ट्रॅक्टरशी कागद करताना दोन-तीन गोष्टी. एकट्या घरासाठी नुसत्या मजुरीचा करार असेल तर जीएसटी लागत नाही, मालासकट असेल तर 18 टक्के, तेव्हा कोटेशनमध्ये "जीएसटी वेगळी" ही बारीक ओळ शोधा. एक टक्का लेबर सेस आहे, स्वतःच्या राहत्या घराला आधी 10 लाखांपर्यंतच्या खर्चात माफ होता, पण 10 लाखांत कंपाउंड वॉल आणि गेटच होतं; नोव्हेंबर 2025 पासून नव्या लेबर कोडमध्ये ही मर्यादा 50 लाख आहे. रेराकडे तक्रार करू म्हणून धमकी देऊ नका, स्वतःच्या प्लॉटवर स्वतःसाठी बांधताय, तिथे विक्री नाही म्हणून रेरा नाही, भांडण झालं तर ग्राहक आयोग नाहीतर कोर्ट. आणि बांधकामाला घरचा मीटर वापरू नका, हंगामी कनेक्शन घ्या, दंड फार लागतो.

शेवटचा हप्ता बी.यू. (बिल्डिंग यूज, म्हणजे घर वापरायची परवानगी) मिळेपर्यंत रोखून ठेवा, करारात तसं लिहूनच घ्या. कॉन्ट्रॅक्टर चावी देतो, वास्तुशांत होते, आणि बी.यू. परमिशन कोणीच घेत नाही, कारण मध्येच वहिनींच्या सांगण्यावरून गच्चीवर एक खोली वाढवलेली असते जी पास प्लॅनमध्ये नाही. 2022 मध्ये फी भरून बेकायदा बांधकाम नियमित करून घ्यायचा, इम्पॅक्ट फीचा कायदा आला तेव्हा असेच लोक रांगेत होते. खोली हवीच असेल तर बांधायच्या आधी रिवाइज्ड प्लॅन टाका, आर्किटेक्टला ते एका आठवड्याचं काम आहे. बी.यू. आली की तिची आणि शिक्क्याच्या प्लॅनची एक प्रत बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा, दुसरी घरी, आणि कुठे ठेवलीये ते मुलांना सांगून ठेवा.