पार्श्वभूमी : नाशिक ते नाशिकरोड, मधले पाच मैल

नाशिकला रेल्वेने पहिल्यांदा येणाऱ्या पाहुण्याला फोनवर हमखास बजावले जाते, ‘स्टेशनवर उतरलास म्हणजे घरी आलास असं समजू नकोस.’ फलाटावरच्या पाटीवर ‘नाशिक रोड’ लिहिलेले असते आणि त्यातला ‘रोड’ शब्दशः घ्यायचा असतो. नाशिकला जाणारा रस्ता इथून सुरू होतो, गाव अजून पुढे आहे. मोटार नसलेल्या माणसाला या शहरातला रोजचा प्रवास इतका किचकट का पडतो, याचे बरेचसे उत्तर त्या एका शब्दात आहे. तिकीट फार महाग आहे असे नाही. शहर तुकड्यातुकड्यांनी वसले, मध्ये मैलोगणती मोकळे रान राहिले आणि सोय झाली ती दर वेळी एकाच रस्त्याची.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जी. आय. पी.) रेल्वेने थळ घाट, म्हणजे आपला कसारा घाट, १८६५ मध्ये वाहतुकीला खुला केला आणि मुंबईची गाडी थेट पठारावर चढली. रूळ मात्र गोदाकाठच्या गावापर्यंत आले नाहीत, बाजूने मनमाडकडे निघून गेले. मधले अंतर पाच मैलांच्या घरातले, आणि तेही तेव्हा झाडीचे. त्र्यंबकेश्वर आणि पंचवटीच्या यात्रेकरूंना इथे उतरून टांगा करावा लागे. नाहीतर पायी चालायचे. ‘स्टेशनपासून पुढचे काय?’ हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

त्यावरचे पहिले मोठे उत्तर होते ट्राम. नाशिकला ट्राम होती हे आज सांगितले तर कॉलेजरोडवरची पोरे हसतात, पण होती. १८८९ मध्ये मेनरोडवरच्या जुन्या नगरपालिकेच्या इमारतीपासून थेट स्टेशनापर्यंत अडीच फूट रुंदीचे रूळ टाकले गेले. दोन डबे आणि ते ओढायला चार घोडे. पैसा ब्रॅडी कंपनीचा. नंतर घोडे गेले आणि पेट्रोलचे इंजिन आले. पेट्रोलवर चालणारी देशातली पहिली ट्राम असा तिचा उल्लेख होतो. नाशिककरांनी या गोष्टीचा मिरवायला हवा तितका अभिमान मिरवला नाही असे मला वाटते. मिसळीचा जेवढा मिरवतो त्याच्या दहावा हिस्साही नाही.

ट्राम तोट्यात गेली. दुष्काळ आणि प्लेग ही कारणे सांगितली जातात आणि ती खरीच आहेत. गाव ओस पडल्यावर ट्राममध्ये बसणार कोण? पण मुळातही हा धंदा अवघड असणार. पर्वणीला आणि यात्रेला उभे राहायला जागा नाही, आणि एरवी मंगळवारी दुपारी घोड्यांच्या चंदीचा खर्च निघायची पंचाईत. १९३१ ते १९३३ च्या दरम्यान ती बंद पडली. रूळ उखडले गेले आणि आज त्यांची खूणही शोधून सापडत नाही.

तोवर स्टेशनच्या बाजूला वेगळेच गाव उभे राहू लागले होते. १९२५ मध्ये तिथे सिक्युरिटी प्रेस आली, तीन वर्षांनी करन्सी नोट प्रेस. पोस्टाची तिकिटे, स्टॅम्प पेपर, नोटा छापणाऱ्या कामगारांची वस्ती झाली, बाजार झाला, शाळा झाल्या. पलीकडे देवळालीची छावणी होतीच. नाशिकरोडचा माणूस आजही गावातल्या शालिमारला जाताना ‘नाशिकला जाऊन येतो’ म्हणतो, जणू तो परगावी राहतो. प्रेसच्या कामगारांचे एक बरे होते. घर जवळ आणि सायकल दाराशी. त्या पिढीत सायकल ही गरिबी किंवा हौस मानली जात नव्हती, ती नुसती सायकल होती.

स्वातंत्र्यानंतर एसटी आली आणि नाशिकची शहर बससेवाही कित्येक दशके एसटीनेच चालवली. गावोगावच्या लाल गाड्यांसाठी उभारलेल्या महामंडळाने शहरातल्या थांब्यांची सेवा ओढायची, ही व्यवस्था आजच्या डोळ्यांना विचित्र वाटते, पण पुणे-मुंबई सोडता महाराष्ट्रातल्या बऱ्याच शहरांत तशीच होती. पंचवटीत निमाणी, गावात शालिमार आणि सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक), पलीकडे नाशिकरोड, या चौकटीत मार्ग आखले गेले. सगळी बस गावाच्या मध्याकडे यायची आणि मध्यातून बाहेर जायची. गाव लहान होते तोवर हे बरोबरच होते.

मग शहराने दिशा बदलली. १९६२ मध्ये सातपूरला एमआयडीसी झाली. १९६४ मध्ये ओझरला मिग विमानांचा कारखाना. मायको आली, महिंद्र आली, पुढे अंबडची वसाहत वाढली. सत्तरच्या दशकात सिडकोने नवीन नाशिकची आखणी सुरू केली आणि कामगारांना लहान लहान घरे दिली. ती घरे एकमेकांना इतकी खेटून होती की दारात मोटार उभी राहील अशी कल्पना आखणाऱ्यांच्या मनात आलेली नसावी. आज त्याच गल्ल्यांत दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या असतात आणि मधून दुधाची गाडीही अंग चोरून जाते.

मोठ्या कारखान्यांनी कामगारांची ने-आण स्वतःच्या अंगावर घेतली. पहाटे नाक्यावर हातात डबा घेऊन कंपनीच्या बसची वाट पाहणारे लोक, हे नाशिकचे चित्र आहे. या बसने शहराला एक अदृश्य सार्वजनिक वाहतूक दिली. अदृश्य अशासाठी की तिचा पास फक्त कायम कामगाराकडे होता. आजूबाजूच्या वर्कशॉपमध्ये सुटे भाग करणारा, कंत्राटावर भरलेला मुलगा त्याच नाक्यावर उभा असायचा, पण बस त्याची नव्हती. माझ्या माहितीतल्या अशा बहुतेकांनी दुसऱ्या-तिसऱ्या पगाराला हप्त्यावर दुचाकी घेतली.

७ नोव्हेंबर १९८२ ला महापालिका झाली. नाशिक, नाशिकरोड-देवळाली, सातपूर आणि आसपासची वीसेक खेडी एका कारभाराखाली आली. क्षेत्र सुमारे २६० चौरस किलोमीटर. कागदावर एक शहर झाले, रस्त्यावर ते चार-पाच गावेच राहिली, मध्ये द्राक्षांचे मळे. मळे हळूहळू प्लॉट झाले. २००१ च्या जनगणनेत १० लाख ७७ हजार लोक होते, २०११ मध्ये १४ लाख ८६ हजार. इंदिरानगर, पाथर्डी फाटा, मखमलाबाद, आडगाव, जेलरोड अशा सगळ्या बाजूंना वस्ती वाढली आणि माणसे कडेकडून कडेकडे जाऊ लागली. बस मात्र गावाच्या मध्यातूनच फिरत होती.

ही पोकळी भरली रिक्षाने. नाशिकमध्ये रिक्षाचे दोन प्रकार: ‘सीटवर’ आणि ‘स्पेशल’. मीटर गाडीला असतो, पण तो चालू झालेला मी क्वचितच पाहिला आहे. शालिमारला उभे राहिले की ‘नाशिकरोड, नाशिकरोड! एक सीट, एक सीट!’ अशी आरोळी येते. ही ‘एक सीट’ म्हणजे मागे तिघे बसलेले असताना ड्रायव्हरच्या शेजारी अर्ध्या बुडाने टेकणे, कायद्यात न बसणारे आणि रोज होणारे. द्वारका, उपनगर, दत्तमंदिर, बिटको असे करत रिक्षा त्याच जुन्या पाच मैलांवरून पळते. सगळेजण रिक्षावाल्यांना नावे ठेवतात, मीही ठेवतो. पण बस कमी होत गेल्या त्या वर्षांत पहाटे आणि रात्री या शहराला पायावर उभे ठेवले ते या काळ्या-पिवळ्या गाड्यांनी. मुंबईला जाणाऱ्याचीही अशीच तोड ठरलेली: गाडीचे आरक्षण नाही मिळाले तर शेअर टॅक्सीने कसारा आणि तिथून लोकल.

एसटीला शहर सेवा तोट्याची होती. तिने फेऱ्या आखडत्या घेतल्या आणि महापालिकेला सांगितले, आता तुम्ही सांभाळा. महापालिकेने बराच काळ ऐकू न आल्यासारखे केले; तोट्याचे बाळ कोण मांडीवर घेईल? अखेर ८ जुलै २०२१ ला महापालिकेची ‘सिटीलिंक’ बससेवा रस्त्यावर आली. ठरवल्या होत्या २५० बस: २०० सीएनजीच्या, ५० डिझेलच्या. गाड्या आणि चालक ठेकेदाराचे, त्याला धावलेल्या किलोमीटरप्रमाणे पैसे, आणि तिकिटाचे उत्पन्न महापालिकेच्या कंपनीचे. या पद्धतीचा फायदा असा की रिकाम्या मार्गावरही ठेकेदार गाडी न्यायला कुरकुरत नाही. तोटा असा की तोटा थेट पालिकेच्या तिजोरीत उतरतो. वाहक आणखी वेगळ्या ठेक्यावर. त्यांचे पगार थकले की काम बंद, आणि काम बंद म्हणजे शाळा-कॉलेजची पोरे थांब्यावर. असे एकदा नाही, अनेकदा झाले. तरी सांगायला हवे की सिटीलिंकने त्र्यंबक, सिन्नर, ओझरपर्यंत गाड्या नेल्या, आणि गाडी कुठे पोहोचली हे मोबाइलवर दिसू लागले. थांब्यावर अर्धा तास उभे राहणे आणि अर्ध्या तासाने घरातून निघणे यात केवढा फरक आहे, हे ज्याने उन्हात उभे राहून पाहिले त्याला विचारा.

मधल्या काळात मोठ्या योजनाही आल्या. मुंबई-आग्रा रस्त्यावरचा साडेपाच किलोमीटरहून लांब उड्डाणपूल २०१३ मध्ये खुला झाला. त्याने शहराबाहेरच्या गाड्यांची सोय केली, खाली द्वारका चौक होता तसाच तुंबलेला राहिला. २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या ‘निओ मेट्रो’साठी २,०९२ कोटींची घोषणा झाली. रबरी टायरची, विजेच्या तारांवर चालणारी, गंगापूरपासून थेट नाशिकरोडपर्यंत जाणारी. पुन्हा तोच रस्ता! घोषणेनंतर वर्षे गेली, पण चार घोड्यांच्या ट्रामला जे जमले ते तिला जमले नाही: ती रुळावर, म्हणजे टायरवर, आलीच नाही.

सायकलची गोष्ट उलटी आहे. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिकच्या भावांनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी ‘रॅम’ शर्यत पूर्ण केली आणि शहरात सायकलीची लाट आली. पहाटे गंगापूर धरणाकडे हेल्मेटवाल्यांच्या रांगा लागतात. छान आहे. पण अशोक स्तंभ ते त्र्यंबक नाका हा १.१ किलोमीटरचा स्मार्ट रोड करायला शहराने जो घाम गाळला तो पाहता, कामावर सायकलने जाणाऱ्याच्या वाट्याला काय आले हे वेगळे सांगायला नको.

आता पैशाचे बोलू. समजा आनंदवल्लीचा माणूस रोज नाशिकरोडला नोकरीला जातो. जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर. पेट्रोल लिटरला १०५ धरले आणि स्कूटर ४५ चे ॲव्हरेज देते असे मानले तर रोजचे ७० रुपये. मोटार गावात १५ चे देत असेल तर २१०, पार्किंग वेगळे. बसचे तिकीट दोन्ही वेळचे मिळून स्कूटरच्या पेट्रोलच्या घरातच जाते. म्हणजे एकट्या माणसाला बस आणि स्कूटर जवळजवळ सारख्या पडतात. हप्ता, विमा, टायर धरले तर बसच स्वस्त. पण स्कूटरवर मागे बायको बसली की हिशेब उलटतो, कारण पेट्रोल तेवढेच लागते आणि तिकिटे दोन होतात. वर वेळ आहेच. सरळ मार्ग असेल तर बस परवडते. आनंदवल्लीऐवजी मखमलाबादहून अंबडला जायचे असेल तर आधी गावात या, उतरा, थांबा, दुसरी पकडा. पैसे फार वाढत नाहीत, सकाळचा एक तास जातो. आणि दुसरी गाडी चुकली तर लेट मार्क. म्हणून नाशिक दुचाकीचे शहर आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून पोलिसांनी ‘हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही’ मोहीम काढली तेव्हा पंपावर जी वादावादी झाली, तिच्यावरून शहराचे किती चालणे या दोन चाकांवर आहे ते दिसले.

बारा वर्षांतून एकदा मात्र शहर गाड्यांशिवाय चालवले जाते. २०१५ च्या कुंभमेळ्यात खासगी वाहने शहराबाहेर अडवली, तिथून एसटीच्या गाड्या आणि पुढे पायपीट. २९ ऑगस्टच्या पहिल्या शाहीस्नानाला बंदोबस्त इतका कडक झाला की भाविक मैलोन्‌मैल चालून दमले आणि स्थानिकांना गल्लीबाहेर पडता येईना. पुढच्या स्नानांना तो सैल करावा लागला. आता २०२७ ची तयारी चालू आहे. रस्ते, पूल, वाहनतळ यांच्या याद्या निघतात. बसच्या फेऱ्या मेळ्यानंतरच्या सोमवारी किती असतील, हे त्या याद्यांत मी शोधून पाहिले, दिसले नाही.

१९७५ पासून धावणारी पंचवटी एक्स्प्रेस रात्री साडेनऊनंतर नाशिकरोडला येते. मुंबईला रोज जाऊन येणारे पासवाले दरवाज्यात आधीच उभे असतात. ज्यांची दुचाकी स्टँडवर लावलेली आहे ते चावी काढत पुलाकडे धावतात. बाकीचे बाहेर येऊन आधी बसथांब्याकडे बघतात, मग मोबाइलकडे, मग रिक्षांकडे.

‘गंगापूर रोड? स्पेशल करावी लागेल. येताना रिकामं यायचंय मला.’

‘एवढे?’

‘मग शालिमारपर्यंत सीटवर चला. पुढचं तिथं बघा.’